उन्हाळ्यात बसवलेला नेम

वस्ताद, तुमचा मुलगा म्हणतो की त्याचा हात हालला. दोन वर्षं झाली, तो हेच म्हणतो आहे. आणि मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे की हात हालला नव्हता, मी त्याच्या रायफलीचा नेम चुकीचा बसवला होता. लिहायचं होतं ते खरं तर एवढंच. पण एवढंच लिहून कागदाची घडी घातली तर तुमचा आवाज कानात येईल, "अर्धीच गोष्ट सांगून कुठे पळून रायला बे?" म्हणून बसलो आहे. आज आमचा बाजार बंद आहे. दुकानाची फळी अर्धी लावून, उजेडाकडे पाठ करून लिहितो आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मी तुमच्याशी मनात पुष्कळ बोललो, पण ते सगळं फुशारकीचं. आज पहिल्यांदा तसं काही जवळ नाही.

तुम्ही मला उचललं ते कानांसाठी. स्वातंत्र्य आलं त्या वर्षी मी गोंदियाच्या एका भात गिरणीत हमाल होतो, बावीस वर्षांचा, पाठीवर पोतं आणि तोंडात बडबड. गिरणीचा दांडा सारखा तापत होता, म्हणून मालकाने तुम्हाला बोलावलं. फौजेत बंदुका दुरुस्त केलेला माणूस, इंजिनाचंही बघेल, असा त्याचा हिशेब. तुम्ही एकेका बेअरिंगला हात लावत फिरत होतात आणि मी पोतं न उतरवताच म्हणालो, "तिसरं रडून रायलं, मिस्त्री. बाकीचे नुसते खोकलतात." सगळे हमाल हसले. तुम्ही हसला नाहीत. तिसरं खोललं, आतला तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "हे कान तुले कोणं देल्ले?" मी म्हणालो, "बापानं. दुसरं काई देल्लंच नाई त्यानं." तेव्हा मात्र तुम्ही हसलात. दुसऱ्या आठवड्यापासून मी स्टेशनाजवळच्या तुमच्या खोपटात कानशी धरायला शिकत होतो. मला वाटलं होतं नळी घासायला ठेवतील. तुम्हाला मी हवा होतो तलावावर.

मोरगावकडचा तो तलाव वैशाखात तळापर्यंत आटायचा. भेगाळलेली सपाट जमीन, चारशे वार मोकळी, आणि टोकाला पाळ, गोळी अडवायला. छोट्या लायनीच्या गाडीने आपण रायफली घेऊन जायचो. पाळीच्या पायथ्याशी खड्डा खणलेला, त्यात मी. डोक्यावर दोन बांबू, बांबूंना तट्टा, तट्ट्यावर पळसाची पत्रावळ आणि तिच्या मधोमध कोळशाचा गोल ठिपका. तिकडे चारशे वारांवर तुम्ही पोटावर आडवे. गोळी लागली की मी काठी वर करून भोकावर टेकवायची, मग भाताच्या खळीने पानाचा तुकडा चिकटवून भोक बुजवायचं. पहिल्या दिवशी मी अंग चोरून बसलो आहे. डोक्यावर कोणीतरी चाबूक फोडतं, आणि तो विरल्यावर मागून बंदुकीचा जाड आवाज लोळत येतो. गोळी आवाजाच्या आधी पोचते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं दोन बंदुका आहेत. पण चार दिवसांत मला त्या चाबकातले फरक कळायला लागले. ठिपक्याच्या वरून गेलेली गोळी पातळ वाजते, खालून गेलेलीत मातीचा जाडपणा येतो, आणि चालवणाऱ्याचा हात हालत असला तर दोन गोळ्या एका सुरात कधी येत नाहीत. मी न बघता काठी लावायचो आणि ती बरोबर लागायची. तुम्ही मालगुजारांना सांगायचात, "डोयानं पायणारे लय हायेत. माह्या जवळ कानानं पायणारा हाये." त्या वाक्यावर मी अजून जगतो आहे.

पहाडाची गोष्ट तुम्ही सांगितली ती तुमच्या स्वयंपाकघरात. तुम्ही सरहद्दीवर होतात तेव्हाची. खालच्या छावणीत नेम बसवलेली रायफल वर पहाडात नेली की वर मारते, हे तुम्ही म्हणालात आणि मी आंबिलीची वाटी खाली ठेवून हसलो. "पहाडात का धरणी कमी ओढते, वस्ताद?" काकी चुलीपाशी होत्या. तुम्ही त्यांच्या हातातून पळी घेतली, दाट आंबिलीच्या मडक्यात एकदा जोरात फिरवली, मग पाण्याच्या बादलीत फिरवली. "पाय. धरणी तितकीच ओढते. पण गोळीले हवा चिरत जा लागते. खाली हवा दाट, ही आंबील. वर हवा पातळ, हे पाणी. पाण्यातून पळी लवकर जाते का नाई? मंग गोळीबी लवकर पोचते. लवकर पोचली त पडाले टाइम कमी भेटते. म्हणून कमी पडते, म्हणून वर लागते." काकी म्हणाल्या, "पोट्टं जेवून रायलं, अन् तुमची बंदूक माह्या आंबिलीत." माझ्या सगळ्या शिक्षणात याच्याइतकं स्वच्छ काही कोणी शिकवलं नाही. आणि मी तेवढंच लक्षात ठेवलं.

कारण दुसरा अर्धा भाग तुम्ही पुढच्या मे महिन्यात सांगितलात, आणि तो रागावून सांगितलात. उन्हाने पत्रावळीच्या कडा वळल्या होत्या. एका ठेकेदाराच्या रायफलीचा नेम मी एकट्याने बसवला होता, माझा पहिला. तुम्ही विचारलं, "ही रायफल माघात इथंच मारली त कुठे लागल?" मी म्हणालो, "इथंच लागल. तलाव काय उठून जाते?" तुम्ही टोपी काढून माझ्या खांद्यावर हाणलीत. "तलाव नाई जात, गाढवा, हवा जाते! तापली का हवा पातळ होते. मे महिन्यात आपण इथं बसल्या बसल्या पहाडावर राहतो. माघात खाली उतरतो. अन् थंडीत काडतुसातला बारबी मंद पेटते, ते येगळं." मग तुम्ही रायफलीच्या घोड्यापाशी सुताने एक फडक्याची चिंधी बांधलीत. तिच्यावर शाईने महिना आणि जागा. तुमच्या हातून गेलेल्या प्रत्येक रायफलीला ती चिंधी असायची. गिऱ्हाईकं म्हणायची, वस्ताद बंदुकीलाही ताईत बांधतो. तुम्ही कोणाला समजावत बसायचा नाहीत. मीही त्यांच्याबरोबर हसायचो, थोडं तुमच्याकडे पाठ करून.

तुम्ही गेलात त्या पावसाळ्यात तुमचा मुलगा नागपूरला शिकत होता. त्याला या कामाची आवड नव्हती, नेम मात्र तुमच्यासारखा होता. काकींनी तुमची रायफल त्याच्या नावावर केली आणि खोपटातली हत्यारं माझ्या हवाली केली. तुमची बारीक कानशी तर तुम्ही स्वतःच दिली होती, दवाखान्यात, उशीखालून काढून. त्या कानशीवर मी उभा राहिलो. खोपटाचं दुकान झालं, दुकानाला काच आली, परवाना आला. वाघाच्या शिकारीला येणारे साहेब, जंगलाचे ठेकेदार, मालगुजारी गेली तरी ऐट न गेलेले मालगुजार, सगळे माझ्या बाकावर बसून चहा प्यायले. गोंदियाचं गिऱ्हाईक हिंदीत नटतं, मी हिंदीत नटायला शिकलो. "सेठ, हमारे हाथ का निशाना है, गोली पूछ के जाती है." चिंध्या बंद झाल्या. त्यांच्या जागी मी छापील कार्डं आणली, वर दोन बंदुकांचं फुलीसारखं चित्र, खाली माझं नाव, आणि 'चारशे वारांवर अचूक'. त्या कार्डावर महिना लिहायला जागाच ठेवली नव्हती. छापखान्यातल्या माणसाने विचारलंही होतं, आणखी काही टाकायचं का. मी म्हणालो, गर्दी नको.

तीन वर्षांमागे, आपला भाग मुंबई राज्यात गेला त्यानंतरच्या मे महिन्यात, तुमचा मुलगा रायफल घेऊन आला. उत्तरेत पहाडांत रस्त्याची मोजणी करणाऱ्या टोळीत त्याला नोकरी लागली होती. जनावरांचं भय, म्हणून बंदूक चालवणारा माणूस त्यांना हवा होता. "भाऊ, पाच-सहा हजार फुटांवर जाऊन रायलो. बाबा म्हणत, तिथं वर मारते. तुमीच बसवून द्या." तो किती आनंदात होता, सांगतो. काकींसाठी लोकरीची शाल आणीन, म्हणत होता. मी त्याला तलावावर नेलं. उन्हाने डोळे पांढरे होत होते. चारशे वारांवर रायफल ठिपक्यात बसवली. आणि मग, त्याच्यासमोर, जादूगार रुमाल काढतो तशी तुमची कानशी काढली आणि मागची पत्ती, जिच्या खाचेतून नेम धरतात ती, केसभर घासून खाली घेतली. "आता इथं थोडी खाली मारल. पहाडात गेली का बरोबर ठिपक्यात. तुह्या बापाची विद्या हाये." त्याने वाकून नमस्कार केला. पहाडाचा हिशेब मी त्या पत्तीत घातला, पण त्या भट्टीसारख्या पातळ हवेत आम्ही आधीच पहाडावर बसलो होतो. एकच डोंगर मी दोनदा वजा केला. टोपी खांद्यावर हाणणारं कोणी नव्हतं.

पुढचं त्याने मला एकदाच सांगितलं, जसंच्या तसं, खाली बघत. दुसऱ्या वर्षीचा हिवाळा लागत होता. सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं. टोळीतला मोजणीची साखळी धरणारा एक माणूस नाल्याच्या पलीकडच्या उतारावर गेला होता आणि अस्वलाने त्याला खाली पाडलं. समोरासमोर, सरळ, चारशे वार. मध्ये दरी, धावत जायला अर्धा तास लागला असता. माणूस आडवा, अस्वल त्याच्यावर उभं. लोक ओरडत होते, मार, मार. "भाऊ, मी श्वास सोडला. बाबा सांगत तसा. खांद्यावर धरला नेम. मले वाटलं हात दगडासारखा हाये." गोळी अस्वलाच्या खांद्यात लागली नाही. वीतभर खाली गेली. खाली तो माणूस होता. आवाजाने अस्वल पळालं. चौकशी झाली, साहेबांनी लिहिलं की इलाज नव्हता, अस्वलाने तसाही सोडला नसता. तो नोकरी सोडून परत आला. शाल आणली होती, काकींच्या हातात दिली आणि म्हणाला, "माये, माहा हात हालला."

वस्ताद, तो 'वीतभर खाली' म्हणाला आणि माझ्या हातातली बशी तिथेच थांबली. मला हिशेब करावा लागला नाही. एकदम सगळं समोर आलं, ऊन, वळलेली पत्रावळ, मंद पेटणारा बार. जे तुम्ही मला रागावून शिकवलं होतं ते त्या क्षणी मला पाठ होतं, शब्दाशब्दाने. मी काय केलं ते विचारा. मी म्हणालो, "रायफल ठेवून जा, बाबू. साफ करून देतो." तो गेल्यावर फळी लावली आणि घासलेली पत्ती काढून नवी बसवली, तुमच्या मापाची. जुनी पत्ती शिकंज्यात धरून तुमच्याच कानशीने घासत बसलो, तिचा चुरा होईपर्यंत. माझे कान तेज आहेत म्हणतात. लोखंड घासताना इतका आवाज होतो हे मला आजवर कधी जाणवलं नव्हतं.

त्यानंतर त्याचा हात खरंच हालायला लागला. आधी चहाची कपबशी वाजायची, मग सही वाकडी व्हायला लागली. फुलचूरला काकींजवळ राहतो. धान्यबाजारात मापाडी म्हणून लागला होता, पण तराजूची दांडी थरथरते म्हणून व्यापारी हसायचे, "अरे भाई, हवा को तौल रहा है क्या?" तेही सुटलं. लग्न ठरत होतं, त्याने नाही म्हटलं. गेल्या माघात काकी दुकानात आल्या. बाकावर बसल्या नाहीत, पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "तू त कानानं वळखतं म्हणत ना हे? मंग सांग माह्या लेकराचा हात. पहिलेपासूनच हालत होता का? त्याचा बाप त म्हणे, माह्यापेक्षा घट्ट हाये." मी म्हणालो, "काकी, चहा घ्या." एवढं मोठं दुकान, आणि माझ्याकडे तेवढंच निघालं.

या वैशाखात तो स्वतः आला. "भाऊ, तलावावर चला. मी पाच गोळ्या मारतो, तुमी खड्ड्यात बसा. दुसऱ्या कोणाचं मी आयकत नाई, तुमचं आयकतो. हात हालते का नाई, येवढंच सांगा." मी विचारलं, कायले बाबू, झालं ते झालं. तो म्हणाला, "हालत असन त चूक माही हाये, मी बंदूक ठेवून देतो अन् तोंड मिटतो. नसन हालत त मंग गोळी खाली काऊन गेली ते शोधतो. अन् त्या माणसाच्या बायकोले जाऊन सांगतो, मी हात हालवला नाई म्हणून. तिले येवढं त समजलं पायजे." त्याचा हात तेव्हा टेबलावर होता आणि टेबलावरची काडेपेटी बारीक वाजत होती.

मी गेलो. खड्डा मातीने बुजत आला होता, हातांनी उपसला. पत्रावळ लावली. मला वाटत होतं, देवाशप्पथ, हात हालेल. दोन वर्षं कपबशी वाजवणारा हात, पाचही गोळ्या चारी दिशांना जातील आणि मला खोटं बोलावं लागणार नाही. पहिली गोळी आली. मग दुसरी आली, त्याच सुरात. तिसरी आली तेव्हा मी डोळे मिटले. पाचही गोळ्या एकाच सुरात आल्या, वस्ताद, एकाच माणसाने पाच वेळा एकच हाक मारावी तशा. तुमच्या हातूनसुद्धा मी असं फार वेळा ऐकलेलं नाही. वर बघितलं तर ठिपक्यावर पंजाएवढ्या जागेत पाच भोकं. रायफलीला गाल लागला की तो हात अजून तुमचाच होता.

तो चालत येत होता. चारशे वार म्हणजे तीन-चार मिनिटं. तेवढ्यात माणसाला बरंच काही सुचतं. काच लावलेलं दुकान दिसलं, कार्डावरचं 'अचूक' दिसलं, कोर्टकचेरी दिसली, माझ्या बाकावरून उठून गेलेले लोक दिसले. तो साखळी धरणारा माणूस दिसला नाही, मी त्याला कधी पाहिलाच नव्हता. मी पत्रावळ तट्ट्यावरून काढली, चुरगाळली आणि खड्ड्याच्या तळाशी पायाने दाबली. तो काठावर येऊन उभा राहिला.

"पत्रावळ?"

"फाटली. उन्हानं कडक झाली होती."

"काऊन भाऊ, हालते का?"

मी खड्ड्यात उभा होतो, तो वर, उन्हाकडे पाठ करून. तोंड दिसत नव्हतं त्याचं. मी म्हणालो, "हालते थोडा."

त्याने वाद घातला नाही. मान हालवली, जसं आधीच माहीत असलेलं कोणी पुन्हा सांगावं. मग मला वर काढायला त्याने हात खाली दिला आणि मी तो धरून वर आलो. रायफल माझ्या स्वाधीन करून तो म्हणाला, "बरं झालं भाऊ, तुमी खरं सांगितलं. दुसरे लोक मन राखतात."

याला महिना होऊन गेला. तो आता घराबाहेर पडत नाही असं कळतं. काकी एकदा बाजारात दिसल्या, मी दुसऱ्या गल्लीत वळलो. फुलचूर इथून सायकलवर अर्ध्या तासाचं आहे. एक वाक्य बोलायचं आहे, आणि ते बोललो तर तो उभा राहील हे मला कळतं. रोज फळी लावताना वाटतं, उद्या. मग उद्या एखादं गिऱ्हाईक येतं, माझ्या कानांची तारीफ करतं, आणि मी हसून चहा मागवतो. मी हे पत्र तुम्हाला लिहिलं कारण तुम्ही उठून त्याच्याकडे जाऊ शकत नाही. जो जाऊन सांगू शकतो अशा कोणालाही मी लिहिलं नाही. कागद संपत आला आहे, तो मी चुलीत टाकेन किंवा टाकणार नाही, दोन्ही सारखंच.

एक मात्र सांगायचं राहिलं. त्या दिवशी तलावावरून परतताना त्याने काही खाल्लं नाही, स्टेशनच्या बाकावर हात मांड्यांखाली दाबून बसून राहिला. गाडीला वेळ होता. मी समोरच्या हॉटेलात गेलो आणि जेवलो, वस्ताद. दोनदा भात मागून घेतला. जेवण मला गोड लागलं.